घराची सही थांबव, आधी सावकाराचं व्याज थांबव

वाचकाचं पत्र

मावशी,

मी फुलेवाडीत राहते. मिस्टरांचं उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन लेथचं वर्कशॉप आहे, फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करतात. मी घरी ब्लाउज शिवते. गाळ्याचं भाडं, लाईटबिल जाऊन दोघांचे मिळून महिन्याला ३५ हजार हातात येतात. कर्ज ११ लाख ६५ हजार झालंय. मशीनचं बँकेचं ५ लाख २० हजार, हप्ता १३,५००. पतसंस्थेचं २ लाख, हप्ता ६,२००, चार महिने थकलाय आणि धाकटे दीर जामीन आहेत. माझे साडेचार तोळे बँकेत तारण आहेत, त्यावर १ लाख ६० हजार. मायक्रोफायनान्सच्या बायकांच्या दोन ग्रुपचे ७० हजार, क्रेडिट कार्डाचे ६५ हजार. आणि ओळखीतल्या एका सावकाराचे दीड लाख, महिना १० टक्क्यांनी. त्याला दीड वर्ष नुसतं व्याज देतोय, मुद्दल तसंच आहे. मिस्टरांच्या सहीचे दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. पार्ट्यांकडे आमचे २ लाख १० हजार अडकलेत, पण हे मागत नाहीत.

आता एक एजंट म्हणतोय, सासूबाईंच्या नावावरचं घर तारण द्या, १२ लाख मिळवून देतो, सगळं एकदम मिटेल. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. मुलगी बारावीला आहे, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते, हे म्हणतात एक वर्ष थांब. हे रात्री अकराच्या आत घरी येत नाहीत. परवा म्हणाले, "काही झालंच तर माझा विमा आहे, तुम्ही सुटाल." सासूबाईंची सही घेऊ का?

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

अगं बाई, कर्जाचं नंतर बोलू. तुझ्या पत्रात विम्याचं जे वाक्य आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू ते शेवटी, जाता जाता लिहिलंस. माझ्यासाठी सगळ्यात आधी तेच आहे.

आज रात्री ते घरी आले की जेवण झाल्यावर शेजारी बस आणि सरळ विचार, "जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या?" असं विचारल्याने नसतं काही डोक्यात भरेल, अशी भीती बाळगू नकोस. उलट बोलायला वाट मिळते. ते हो म्हणाले, गप्प राहिले किंवा उडवून लावलं, तरी त्यांना एकटं सोडू नकोस. पुढचे काही दिवस वर्कशॉप बंद करायच्या वेळेला तू किंवा दीर तिकडे जा आणि सोबतच घरी या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथे त्यांना घेऊन जा. आणि त्यांना स्पष्ट सांग की विम्याचे पैसे या घराला नको आहेत, माणूस हवा आहे. बायकोच्या तोंडून हे ऐकायची त्यांना आत्ता गरज आहे. अकरा लाखांचं कर्ज फिटतं. कसं, ते आता सांगते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. सही घेऊ नकोस.

एजंट म्हणतो ते वरवर बरोबर वाटतं. १२ लाख, समजा १४ टक्क्यांनी, १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १८,६०० बसतो. आज तुम्ही जे भरताय त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच मोह पडतो. पण दहा वर्षांत तुम्ही २२ लाखांच्या वर भराल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आज कार्ड, ग्रुप, सावकार, पतसंस्था यातल्या कुणाचाही तुमच्या घरावर बोजा नाही. सही झाली की ही सगळी बिनतारणी कर्जं घरावर चढली. घर तारण घेतलेलं बँकेचं कर्ज ९० दिवस थकलं की ६० दिवसांची नोटीस येते आणि पुढे २००२ च्या कायद्याने बँकेला दिवाणी दावा न लावताही घराच्या ताब्याची कारवाई करता येते. जॉबवर्कच्या धंद्यात तीन महिने मंदीचे जाणं ही काही अशक्य गोष्ट नाही, हे तुला मी सांगायला नको. आणि त्या १२ लाखांतून पहिला कोण पैसे उचलणार? सावकार. त्याला एक रुपयासुद्धा देणं लागत नाही असं माझं मत आहे. का ते आकड्यांत बघ.

तुझे आकडे मी एका कागदावर मांडले. बँक १३,५००, पतसंस्था ६,२००, दोन ग्रुप मिळून साधारण ५,८००, सोन्याचं व्याज १,८००, कार्डाचा किमान भरणा ३,३०० आणि सावकार १५,०००. एकूण ४५,६००. येतात ३५ हजार, आणि अजून घरात किराणा भरायचाय. वरचे दहा-बारा हजार दर महिन्याला तुम्ही कुठून आणता? कार्ड घासून, नवा ग्रुप धरून, पतसंस्थेचा हप्ता चुकवून. म्हणजे कर्ज फेडायला कर्ज चाललंय. आणि त्यात सावकाराचं कर्ज एकूण कर्जाच्या आठव्या हिश्श्याएवढं आहे, पण महिन्याला तो तुमच्या हप्त्यांतला तिसरा हिस्सा उचलतो. सगळ्यात आधी पैसे त्यालाच जातात, कारण तो दारात येऊन आवाज चढवतो. बँक नुसता मेसेज पाठवते म्हणून ती मागे राहते. हा क्रम उलटा करायचाय.

दीड लाखावर १८ महिने १५ हजार, म्हणजे २ लाख ७० हजार त्याला पोचले. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. त्या दराने दीड वर्षाचं व्याज होतं ४०,५००. मुद्दल धरून १ लाख ९०,५००. तुम्ही त्याच्यावर ७९,५०० जास्तच दिलेत. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायला हा कायदा मनाई करतो. आणि परवानाच नसेल तर तो गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा त्याला यापुढे रोख देणं बंद. पण तावातावाने भांडायला जाऊ नका, मिस्टरांना तर एकटं पाठवूच नकोस. आधी पुरावा गोळा कर. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, त्याचे मेसेज, रोख दिले ते कुठल्या तारखेला, कुणासमोर. हे सगळं वहीत उतरव. मग कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील फुकट मिळतो, १९८७ चा कायदाच तसा आहे. अर्ज तुझ्या नावाने कर. वकिलाला घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार दे आणि पोच घे. सावकारीच्या तक्रारी तेच बघतात, झडतीचे अधिकारही त्यांना आहेत. तक्रारीत कोऱ्या चेकचा उल्लेख नंबरासकट कर. त्याने चेक वटवायला टाकण्याआधी ही तक्रार नोंदलेली असली तर पुढे वकिलाला भक्कम बोलता येतं. चेक परत गेल्याची नोटीस आलीच तर ती कपाटात ठेवू नका. मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते, लगेच वकिलाकडे न्या. घरी येऊन दमदाटी केली तर ११२ ला फोन.

हे पंधरा हजार थांबले की राहिले ३०,६००. म्हणजे घरखर्चाला ४,४००. एवढ्यात घर चालत नाही, म्हणून आता सोन्याचं बोलते.

सोनं तुझं आहे. माहेरचं असो की सासरचं, तुझ्या अंगावर घातलेलं ते तुझं स्त्रीधन. मोडायचं की नाही हे तू ठरवायचंस, मिस्टरांनी नाही, मीही नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत भाव किती चढलाय ते तू बघतेस. घट धरून, कमीत कमी हिशेबाने साडेचार तोळ्यांचे ३ लाख २० हजार आले तरी तारणाचे १ लाख ६० हजार जाऊन तेवढेच उरतात. त्यात पतसंस्थेची थकबाकी २४,८००, कार्डाचे ६५ हजार आणि दोन्ही ग्रुपचे ७० हजार भागतात, बेरीज १ लाख ५९,८००. मग महिन्याला उरतात फक्त बँक आणि पतसंस्था, १९,७००. ३५ हजारांतले १५,३०० घरात राहतात. ओढाताण होईल, पण नवं कर्ज काढावं लागणार नाही. सोनं सोडवायला हातात रोख नसते, ही अडचण सगळ्यांचीच. ओळखीचा सराफ बँकेत सोबत येऊन पैसे भरतो आणि तिथेच सोनं ताब्यात घेतो, असे व्यवहार होतात. फक्त गुजरीत सराफांच्या दोन-तीन दुकानांत भाव आणि घट विचारून मगच ठरव, पावती पक्की घे. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. सावकार थांबल्याशिवाय सोनं मोडू नकोस. त्याचं व्याज चालू राहिलं तर वर्षभरात हे पैसे त्याच्याच घरी जातील आणि तुझा गळा मोकळा तो मोकळाच राहील.

ग्रुपवाल्यांचं थोडक्यात. त्यांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मुदतीआधी फेडलं तर दंडही लावता येत नाही. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज जातं, किमान भरण्याने ते सरता सरत नाही. फेडलंस की बंद कर. "सेटल" करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस, पूर्ण भरून नाहरकत दाखला घे.

आता दिरांचं. आपल्या कोल्हापुरात मी तुला जामीन, तू मला जामीन, हे घराघरांत आहे. तालमीतली दोस्ती, भाऊबंदकी, शेजार, सगळीकडे सह्या झालेल्या असतात. म्हणून इथे एकाचं कर्ज थकलं की दोन घरं बोलायची बंद होतात. पतसंस्था आधी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढेल, मग वसुली अधिकारी दिरांच्या पगारापर्यंत जाईल. त्यांना ते पोस्टाने कळलं तर ते कायमचे तुटतील. तुम्ही दोघं या आठवड्यात त्यांच्या घरी जा, आकड्यांचा कागद समोर ठेवा आणि पुढच्या कामाला त्यांना सोबत घ्या. पतसंस्थेत मॅनेजरकडे तिघं मिळून गेलात तर हप्ता लांबवून मागायला वजन येतं. जे कबूल करतील ते लेखी घ्या. १०१ च्या सुनावणीची नोटीस आली तर हजर राहायचंच.

सासूबाईंनाही सांगा. मुलाने सांगायचं, तू नाही. नाहीतर "सुनेने घर बुडवलं" एवढंच त्यांच्या मनात राहील. त्यांच्या नावावरच्या घराला हात लावणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायला सांग.

आणि ते २ लाख १० हजार! बाई, हा तुमचा घामाचा पैसा पार्टीच्या गल्ल्यात आणि तुम्ही त्याच्यापायी १० टक्क्यांनी व्याज भरताय, याने माझा जीव जळतो. मिस्टरांना वाटतं पार्टी तुटेल. मी समजू शकते, उद्यमनगरात एक पार्टी गेली की लेथ बंद पडून राहतो. पण मागायची रीत असते. वर्कशॉपची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, आहे का बघ, नसेल तर ऑनलाइन फुकट होते. २००६ च्या कायद्याने अशा लहान धंद्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. आणि २०२३-२४ पासून आयकराचा नियम असा आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला तो खर्च दाखवता येत नाही. म्हणजे मार्चअखेर त्यांचा सीएच त्यांना सांगतो, लहान सप्लायरची बिलं भागवा. मिस्टरांनी भांडायचं काही कारण नाही. बिलाच्या पुस्तकावर उद्यम नंबर छापून घ्यायचा आणि थकलेल्या बिलांचं पत्रक पार्टीच्या अकाउंटंटकडे द्यायचं. नोंदणी आत्ता केली तर पुढच्या बिलांना नक्की उपयोग होईल, जुन्यासाठी पाठपुरावाच लागेल. आलेला पैसा थेट मशीनच्या कर्जात भरा.

मुलीला थांबवू नका. यावर मी भांडेन तुमच्याशी. २०२४-२५ पासून सरकारने मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, ती ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यात बसायला हवी आणि प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खाजगी अभिमत विद्यापीठाला हे लागू नाही, तेव्हा कुणी डोनेशनची गोष्ट काढली तर उठून या. कोल्हापुरातच कॉलेज मिळालं तर राहण्याचा खर्चही नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच काढायला टाक, निकालानंतर सेतूत रांगा लागतात.

मला पंधरा दिवसांनी पत्र लिही. कर्जाचं नंतर लिहिलंस तरी चालेल, मिस्टर कसे आहेत ते आधी लिही.

– मावशी