घटस्फोटात फ्लॅट ठेवावा की रक्कम घ्यावी?

पुण्यातल्या सिंहगड रोडवरून एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "माझं वय ३६, हातात येणारा पगार ५२ हजार. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी आठ वर्षांची. आम्ही दीड वर्षापासून वेगळे राहतो आणि आता परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या. आजची किंमत साधारण ७८ लाख, कर्ज ३४ लाख शिल्लक, हप्ता ३३ हजार, तो आम्ही निम्मा निम्मा भरतो. पतीने दोन पर्याय दिलेत. एक, फ्लॅट मी घ्यायचा, उरलेलं कर्ज मी फेडायचं, मुलीसाठी ते महिना १० हजार देणार. दोन, फ्लॅट त्यांनी ठेवायचा, मला एकरकमी ३० लाख आणि मुलीसाठी महिना १८ हजार. माझी आई धायरीत राहते, शाळा सुटल्यावर मुलगी तिच्याकडेच असते. मुलीचं घर हलवायचं नाही म्हणून मला फ्लॅट हवासा वाटतो. त्यांचा नेमका पगार मला माहीत नाही. ते म्हणतात, एकच वकील दोघांना पुरेल."

ताई, नमस्कार.

माझं मत आधीच सांगते: फ्लॅट सोडा. पण ३० लाखांवर सही करू नका, आणि मुलीच्या पैशाला घराच्या वाटाघाटीत ओढू देऊ नका.

कागदावर पहिला पर्याय जास्त दिसतो, हे खरं आहे. ७८ लाखांतून ३४ लाख कर्ज वजा केलं की ४४ लाखांचं घर तुमच्या हाती येतं, दुसऱ्यात ३० लाखच. मात्र महिन्याचा हिशेब मांडा. तुमचे ५२ हजार आणि मुलीचे १० हजार मिळून ६२. हप्ता ३३, सोसायटी मेंटेनन्स ४, शाळा महिना ७ हजार धरली तर उरतात १८ हजार. त्यात किराणा, वीज, गॅस, पेट्रोल, औषधं, सणवार, सगळं. सध्याच्या व्याजदराने हे कर्ज अजून पंधरा वर्षं चालेल. मधे नोकरी गेली किंवा आईचं मोठं आजारपण आलं, तर घर विकण्यावाचून मार्ग उरणार नाही, आणि घाईत विकलेल्या घराला भाव मिळत नाही. दुसऱ्या पर्यायात ५२ अधिक १८ म्हणजे ७० हजार. धायरी-वडगाव भागात २२ हजारांचं घर भाड्याने घेतलं आणि शाळेचे ७ काढले, तरी ४१ हजार राहतात. तुमच्या मुलीला आजी, शाळा आणि मैत्रिणी जवळ हव्यात. त्यासाठी त्या परिसरात राहणं पुरेसं आहे, मालकी लागत नाही.

शिवाय बँक काय म्हणेल, हा प्रश्न वेगळाच आहे. न्यायालयाच्या हुकुमात "कर्ज पत्नी फेडेल" असं लिहिलं तरी बँक त्याने बांधली जात नाही, तिच्या लेखी तुम्ही दोघंही कर्जदारच राहता. ५२ हजारांच्या पगारावर ३३ हजारांचा हप्ता एकटीच्या नावावर करायला बँका सहसा तयार होत नाहीत. हाच धोका दुसऱ्या पर्यायात उलट बाजूने आहे, आणि तो मला जास्त मोठा वाटतो. तुम्ही हक्क सोडलात, पण कर्जावर नाव तसंच राहिलं आणि त्यांनी हप्ते थकवले, तर वसुलीची नोटीस तुम्हाला येईल आणि सिबिल स्कोअर तुमचाही खाली जाईल. म्हणून पतीने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावं आणि तुम्हाला मुक्त केल्याचं पत्र बँकेने द्यावं. ते हातात येईपर्यंत फ्लॅटच्या दस्तावर सही नको.

आता ३० लाखांविषयी. यात पोटगी किती आहे? घर दोघांचं, हप्ते दोघांनी भरलेले, म्हणजे ४४ लाखांपैकी २२ लाख आजही तुमचेच आहेत. पोटगी म्हणून देऊ केलेत ते फक्त ८ लाख. अकरा वर्षांच्या संसारासाठी हा आकडा मला फार कमी वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये प्रवीणकुमार जैन विरुद्ध अंजू जैन या निकालात कायम पोटगी ठरवताना काय काय बघायचं ते सांगितलं आहे. दोघांची परिस्थिती, उत्पन्न, राहणीमान यांच्याबरोबर पत्नीने घरासाठी नोकरीवर सोडलेलं पाणीही त्यात आहे. मुलीच्या जन्मानंतर तुम्ही काही वर्षं काम थांबवलं असेल किंवा बढती नाकारली असेल, तर तारखांसह लिहून काढा. मी तुमच्या जागी ४० लाखांपासून बोलणी सुरू करीन आणि ३५च्या खाली येणार नाही. तुमचे दागिने आणि माहेरहून आलेल्या वस्तू हे स्त्रीधन आहे, ते या रकमेत धरायचं नाही.

त्यांचं उत्पन्न माहीत नसताना आकडा मान्य करणं मात्र चूक ठरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. संमतीच्या घटस्फोटात ते अनेकदा टाळलं जातं. तुम्ही मागा. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला), कंपनीचे शेअर्स, पीएफ, म्युच्युअल फंड, सगळं.

मुलीचे १८ हजार वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली, कारण वाढीबद्दल एक शब्दही नाही. दहा वर्षं १८ हजारच मिळाले तर एकूण २१ लाख ६० हजार. दरवर्षी ८ टक्के वाढ लिहून घेतली तर ३१ लाखांच्या वर, आणि दहाव्या वर्षी महिना सुमारे ३६ हजार. शाळेची फी पुण्यात कशी वाढते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि अठराव्या वाढदिवशी पैसे थांबले तर नेमके कॉलेजच्या प्रवेशावेळी थांबतील, म्हणून "पदवी पूर्ण होईपर्यंत" असे शब्द घाला. मोठी वैद्यकीय बिलं आणि प्रवेश शुल्क निम्मं निम्मं, हेही. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे, आईवडिलांनी आपसात तो सोडून देता येत नाही. पहिल्या पर्यायात "घर घे आणि मुलीचे ८ हजार कमी घे" असा जो सौदा दडला आहे, तो मला म्हणूनच मान्य नाही.

मुलीचे हे महिन्याचे पैसे पतीच्या कमाईवर अवलंबून आहेत, पतीच नसले तर? त्यांनी एक कोटीचा टर्म विमा (ठरावीक मुदतीचा जीवन विमा) १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली मुलीला लाभार्थी करून घ्यावा. अशा पॉलिसीची रक्कम विश्वस्त निधीसारखी राहते, नंतर लाभार्थी बदलता येत नाही आणि सावकारही तिला हात लावू शकत नाहीत. हुकूम होण्याआधी पॉलिसी काढून प्रत हातात घ्या.

कराचं थोडक्यात. एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची, तिच्यावर आयकर नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणातला निकाल आहे. महिन्याला मिळणारी पोटगी उत्पन्नात धरली जाते. पण कागदावर "फ्लॅटमधील हिश्श्याची किंमत" असं लिहिलं तर भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहतो. घराचं बक्षीसपत्र पती-पत्नीत केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे आणि घटस्फोटानंतर ही सवलत मिळत नाही. मात्र बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं, आणि इथे तुम्हाला पैसे मिळणार आहेत. त्यामुळे दस्त कोणता आणि शब्द कोणते, हे सीए आणि वकील यांना एकत्र बसवून ठरवा.

आणि वकील तुमचा स्वतंत्र हवा. एकच वकील स्वस्त पडतो, पण तुमच्या बाजूने आकडा वाढवून मागणं त्याला जमणार नाही. फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

घाई करू नका. संमतीच्या घटस्फोटात न्यायालयात दोन अर्ज करावे लागतात, पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये एरवी सहा महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर न्यायालय हा काळ माफ करू शकतं, पण तुमच्या कामाला तो हवाच आहे. दुसऱ्या अर्जापर्यंत संमती मागे घेता येते, त्यामुळे निम्मी रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायालयातच डिमांड ड्राफ्टने, असं लिहून घ्या.

पतीच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तुम्ही असाल तर घटस्फोटानंतर बाहेर पडाल. स्वतःची पॉलिसी आताच काढा, कारण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. पीएफ, बँक आणि फंडांवरचं नॉमिनेशन हुकूम झाल्यावर बदला.

पैसे आले की वर्षभर काही खरेदी नको, ना नवं घर, ना बँकेतला माणूस पुढे करेल ती विमा योजना. चार लाख अडीअडचणीसाठी हाताशी ठेवा. बाकी मुदत ठेवींत वेगवेगळ्या बँकांत विभागा, कारण ठेव विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतो. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं आधी काढलेलं नसेल तर ती दहा वर्षांची होण्याआधी काढा, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. दीर्घकाळाच्या गुंतवणुकीचं आपण वर्षभराने बोलू.

या आठवड्यात दोनच कामं: बँकेत जाऊन कर्जाचं ताजं विवरण घ्या आणि एकट्या पतीच्या नावावर कर्ज होईल का ते विचारा. उत्तर "नाही" आलं, तर दुसरा पर्यायही आज आहे तसा चालणार नाही. मग घर विकून, कर्ज फेडून उरलेले पैसे वाटून घेणं आणि पोटगी त्यावर वेगळी ठरवणं, हा तिसरा मार्ग वकिलांसमोर ठेवा.