स्टेशनवरचा जुना पादचारी पूल: रंगवावा की बदलावा?

प्रश्न: गावच्या स्टेशनवरचा लोखंडी पूल गंजला आहे. रंग देऊन भागेल का? नवा बसवताना गाड्या किती दिवस बंद राहतील?

उत्तर: रंगाने गंज झाकला जातो, झिजलेली जाडी परत येत नाही. आधी जिन्याचा पायथा आणि पायऱ्यांचे सांधे तपासायला हवेत. पाणी तिथेच साचतं. अल्ट्रासॉनिक यंत्राने उरलेली जाडी मोजून मूळ नकाशाशी ताडतात. मुख्य तुळयाच पातळ झाल्या असतील तर पूल बदलावाच.

गाड्या दिवसेंदिवस बंद राहत नाहीत. पाया आणि खांब आधी होतात. कारखान्यात जोडलेला गर्डर (पुलाची मुख्य तुळई) रात्रीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे काही तास गाड्या थांबवून, ओव्हरहेड तारेचा प्रवाह तोडून व तार जमिनीशी जोडून (अर्थिंग करून), क्रेनने बसवतात. जुना पूल मात्र नवा खुला झाल्यावरच पाडावा, नाहीतर लोक रूळ ओलांडू लागतात.