प्रवेश रद्द केल्यावर नागपूरचं कॉलेज टीसी आणि फी अडवतंय; इंग्लंडसारखं ग्राहक म्हणून दाद मागता येईल का?

आधी ग्राहक आयोगाकडे धावू नका. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो आणि स्वतंत्र लवादाकडे मोफत तक्रारही करता येते. आपल्याकडे मात्र २०१० च्या सुरजीत कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला सेवा पुरवठादार मानलं नाही. त्यामुळे ग्राहक आयोगात अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातात.

तुमची खरी ताकद यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेत आहे. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला तिच्यात साफ मनाई आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केलं तर १०० टक्के फी परत (प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, कमाल ५,००० रुपये कापून). शेवटच्या १५ दिवसांत ९०. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य. अनामत रक्कम मात्र तेव्हाही परत मिळते. यूजीसी एखाद्या वर्षी वेगळी तारीख जाहीर करते, ते परिपत्रक बघा.

बहुतेक जण हरतात ते तारखेवर, कारण तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. आजच लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्याची प्रत घ्या, ईमेलही करा. परतावा अर्जापासून १५ दिवसांत हवा. नाही मिळाला तर २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिच्या निर्णयानंतर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यानंतर. तिथे पहिला प्रश्न हाच येतो की आधीचे मार्ग वापरले का.