घरी आकडा सांग

बाळा,

परवा फुटाळा तलावावर तुझा चहा थंड झाला तरी तू एकच विचारत होतास, "काका, मी जुगारी आहे का? मी तर फक्त गेलेले पैसे परत काढतोय." मी तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

आधी घरी आकडा सांग, किती हरलास त्याचा. पूर्ण. "थोडेफार गेले" असं नाही. मित्रांचे उसने, कार्डावरचं कर्ज, सगळं धरून.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या आजाराच्या ९ खुणा आहेत. वर्षभरात ४ दिसल्या की निदान होतं. गेलेले काढायला पुन्हा खेळणं, घरी खोटं बोलणं, गळ्याशी आल्यावर दुसऱ्याकडे पैसे मागणं. तीन तर तूच मला त्या चहावर सांगितल्यास. शिकलेल्याला, पगारदाराला हे होत नाही, असं कुणी सांगितलं तुला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या प्रौढांपैकी १.२ टक्के लोकांना हा आजार आहे. कमी वाटतं ना? पण तीच संघटना म्हणते, धोक्याच्या पातळीवर खेळणाऱ्या एकामागे सरासरी सहा जण भरडले जातात, आणि ते बहुतेक स्वतः न खेळणारे असतात. मोज बरं तुझ्या घरात.

माझा धाकटा भाऊ इतवारीत सट्टापट्टी लावायचा. तेव्हा चिठ्ठी होती, आता ऑनलाइन सट्ट्याचा आयडी आहे. मी तीनदा त्याचं देणं गुपचूप भरलं. आईची तब्येत नाजूक होती रे, तिला कसं सांगणार होतो? माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, असं आजही वाटतं. पण भरल्यावर तो मोकळा झाला आणि पुन्हा खेळला. चौथ्यांदा घराचे कागद गहाण पडले तेव्हा आईला कळलं. ती मला म्हणाली, "त्याचं सोड, तू काहून लपवलं?"

म्हणून तू मागितलेले चाळीस हजार मी देणार नाही. राग येऊ दे. आकडा सांग.

२०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तरी तुला आयडी मिळालाच. तेव्हा बंदीच्या भरवशावर राहू नको. रात्री हात शिवशिवला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. सोमवारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत मी तुझ्यासोबत येतो.

त्याआधी रविवारी नऊला तुझ्या घरी येईन. शेजारी बसेन, पण बोलणार नाही. आकडा तुझ्याच तोंडून बाबांना कळू दे.