घरमालकाकडची दुसरी किल्ली

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी कोथरूडला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, रजिस्टर केलेलं. घरमालक काकांकडे दुसरी किल्ली आहे. आम्ही ऑफिसला गेलो की ते घरात येऊन जातात. परवा दोरीवरचे आमचे कपडे पलंगावर काढून ठेवलेले दिसले. विचारलं तर म्हणाले, ‘भिंतीला ओल आलीय का बघत होतो. माझंच घर आहे.’ त्यांना असं येता येतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : न सांगता येता येत नाही. घर काकांचंच आहे, पण भाडं घेऊन त्यांनी ते अकरा महिने तुम्हाला राहायला दिलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २८ नुसार मालकाला घराची पाहणी करता येते, मात्र आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. तुमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगी-करारावर, राहणाऱ्यांनाही हे कलम लागू आहे. तुमच्या ॲग्रीमेंटमध्येही ‘इन्स्पेक्शन’चा परिच्छेद बहुधा असेल, तो काढून वाचा.

सूचना किती आधी द्यायची, हे कलम २८ सांगत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात मात्र किमान चोवीस तास आधी कळवावं आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर येऊ नये, असं म्हटलं आहे. हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. तरी काकांशी बोलताना हाच चोवीस तासांचा आग्रह धरा.

वकिलीचं शिक्षण घेताना मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. मालकीणबाई आमच्या माघारी ट्रंका उघडून बघायच्या. आम्ही चौघी होतो, पण एकीनेही कधी तोंड उघडलं नाही. खोली गेली तर जायचं कुठे, ही धास्ती. तुम्ही विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं.

आज रात्रीच काकांना व्हॉट्सॲप करा, फोन नको. ‘काका, ओल बघायला जरूर या. आदल्या दिवशी कळवा, आमच्यापैकी एक जण घरी थांबेल. आम्ही नसताना मात्र दार उघडू नका.’ एवढंच लिहा. रविवार सकाळची वेळ तुम्हीच सुचवा.

न विचारता लॅच बदलू नका, त्यावरून ॲग्रीमेंट मोडल्याचा वाद होऊ शकतो. दाराला बाहेरून कडी असेल तर तिला आपलं कुलूप लावा. त्याची एक किल्ली विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा, कारण पाइप फुटून खालच्यांकडे पाणी गळू लागलं तर दार लगेच उघडावंच लागेल.

मेसेजनंतरही काका तसेच येत राहिले, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आणि ओलीचे फोटो तारखेसह आत्ताच काढून ठेवा. घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायची वेळ आली, तर तेच दाखवता येतील.