आधी निकाल वाच

चि. वकीलबाई, अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. निफाडकडच्या त्या बाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं, ‘सुप्रीम कोर्टाने मुलींना समान हक्क दिलाय, मग माझं का अडलं?’ असं विचारलं, आणि तुला उत्तर सुचलं नाही. वर लिहितेस, ‘पक्षकारांना मोबाईलवर माझ्याआधी कायदा कळतो, मग मी सनद कशाला घेतली?’ काहीतरीच! त्यांना बातमी कळते. बातमी आणि निकाल यांच्यात अंतर असतं, आणि त्या अंतरावरच आपलं पोट आहे.

निकाल वाच. मुळातून, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्या कात्रणामागचा निकाल 11 ऑगस्ट 2020 चा, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच येतो. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. मथळा इथे संपला. निकाल नाही संपला. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची विक्री, मृत्युपत्रं, नोंदणीकृत वाटपं कायद्याने शाबूत ठेवली आहेत, आणि निकालानेही. मग निकालाच्या अखेरीस पीठाने दिलेल्या पाच उत्तरांतलं शेवटचं, पाचवं बघ. तोंडी वाटपाचा बचाव एरवी मान्य नाही. पण सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल आणि वाटप कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं पक्कं दिसत असेल, तर अपवाद म्हणून चालेल. नुसत्या तोंडी पुराव्यावर उभा असेल तर साफ फेटाळायचा.

आता बाईंचा भाऊ काय म्हणतोय? ‘वडिलांनी तोंडी वाटप केलं, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले.’ म्हणजे तुझा अख्खा दावा त्या एका परिच्छेदावर टांगलेला, आणि तू व्हॉट्सॲपवरचा पाच ओळींचा सारांश वाचून पक्षकारासमोर बसलीस! रागावलो नाहीये. बरं, थोडा रागावलोय. आज निकाल सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. आमच्या वेळी नेमका हवा तोच व्हॉल्यूम बारच्या लायब्ररीतून कोणीतरी नेलेला असायचा, आणि तो परत येईपर्यंत तारीख होऊन जायची.

तीच गत फौजदारीत. ‘482 खाली मोठा दिलासा’ अशी पट्टी दिसली की आधी विचार, कुठल्या कायद्यातलं 482? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, म्हणजे गुन्हा रद्द करून मागायचं कलम. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करून मागायचं असेल तर 528. एकात गुन्हाच जातो, दुसऱ्यात माणूस फक्त अटकेतून वाचतो, खटला डोक्यावर तसाच. वाहिनीला दोन्ही सारखेच गोड.

आणि ‘कोर्टाने फटकारलं’ वाचलंस की ऑर्डर शोध. 2021 मध्ये मद्रास हायकोर्ट सुनावणीत निवडणूक आयोगाबद्दल फार कडक बोललं, खुनाच्या गुन्ह्यापर्यंत. ते शेरे काढून टाका आणि तोंडी बोलणं माध्यमांना छापू देऊ नका, म्हणत आयोग सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने माध्यमांचं तोंड बंद करायला नकार दिला, ते बरोबरच झालं. पण हेही सांगितलं की ते शेरे लेखी आदेशात नाहीतच, तर काढून काय टाकायचं? न्यायाधीश बोलता बोलता वकिलाला चाचपतात. खरं ते सहीखालचं.

तू म्हणशील, सरांना काय जातं सांगायला. जातं गं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या आपल्या कोर्टाच्या गेटवर मोठा निकाल लागला की माईक घेऊन पोरं धावतात. ‘सर, दोन मिनिटं बाईट द्या.’ मी म्हणतो, वाचून सांगतो. त्यांना तोवर दुसरा वकील मिळालेला असतो. माझ्या बरोबरीचे टीव्हीवर दिसतात, त्यांच्या चेंबरला बसायला जागा नसते. पहिल्याच भेटीत ‘शंभर टक्के जिंकू’ म्हटलं नाही म्हणून दिंडोरीचा एक चांगला बागायतदार, घरोब्याचा माणूस, माझं वकीलपत्र काढून घेऊन गेला. वाईट वाटलं, अजून वाटतं. लग्नकार्यात तोंड चुकवतो तो. तरी त्या दिवशी मी दुसरं काही बोलू शकलो नसतो. कागद अर्धेच आणले होते त्याने. हट्टी म्हण, आखडू म्हण. बारमध्ये म्हणतातच.

असो. बाईंना बोलावून घे. ‘जिंकू’ही सांगू नकोस, ‘हरू’ही नको. निफाड तहसीलमधून फेरफाराची नक्कल काढायला लाव आणि बघ: नोंद कुठल्या सालची, कोणी दिलेल्या वर्दीवरून, म्हणजे खबरीवरून, झाली, बाईंना नोटीस बजावली होती का, आणि जबाब असेल तर त्यावर सही बाईंचीच आहे की भावाने कोणाला तरी पुढे केलं. हे हातात आलं की ते पाचवं उत्तर शेजारी ठेवून वाच, मग मला फोन कर. न वाचता केलास तर उचलणार नाही.