वाचकांचे प्रश्न : चढांचा गुणाकार −१, तरीही रेषा लंब का दिसत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. ३क्ष + ४य = १२ या रेषेला (३, ७) या बिंदूतून लंब रेषा काढण्याचे उदाहरण तिने सोडवले. चढ −३/४ आणि ४/३ आले, गुणाकारही −१ भरला. परंतु आलेखावर कोनमापक लावला, तर कोन जेमतेम ५४ अंश येतो. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकके असे प्रमाण घेतले होते. चूक कुठे झाली? आणि हा उणे एक येतो तरी कुठून?
— एक पालक

उत्तर : नियम आणि आकडेमोड दोन्ही बरोबर आहेत, घोटाळा प्रमाणात आहे. य-अक्षावर २ एकके १ सेंमीत बसवल्यामुळे कागदावर प्रत्येक चढ निम्मा झाला, म्हणजे −३/८ आणि २/३, आणि त्यांचा गुणाकार −१/४ होतो. समांतर रेषांचे समान चढ सारखेच निम्मे होत असल्याने त्या अशा कागदावरही समांतरच राहतात, आणि त्यामुळे ही चूक तिथे कधी लक्षात येत नाही.

आता दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक घेऊन आलेख पुन्हा काढावा. दिलेली रेषा (०, ३) पासून ४ एकके उजवीकडे आणि ३ खाली जाऊन (४, ०) ला पोहोचते. ४ आणि ३ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण पुठ्ठ्यातून कापून, त्याचा कर्ण या रेषाखंडावर आणि ४ सेंमीची बाजू आडवी येईल असा ठेवावा, (०, ३) वर टाचणी रोवावी आणि घड्याळाच्या उलट दिशेने तो ९० अंशांतून फिरवावा. आडवी बाजू उभी होते, उभी आडवी होते, आणि कर्णाचे दुसरे टोक नेमके (३, ७) वर येते. अंश आणि छेद यांची अदलाबदल झाली ती अशी. उतरती रेषा चढती झाली, म्हणून चिन्हही बदलले. मुले बहुधा अपूर्णांक उलटा करतात आणि चिन्ह विसरतात.

उभ्या रेषेला मात्र हा नियम लावू नये. क्ष = ४ या रेषेचा चढ सांगताच येत नाही, तरी ती य = ५ ला लंब आहेच. अशा वेळी क्ष-सहगुणकांचा गुणाकार आणि य-सहगुणकांचा गुणाकार यांची बेरीज शून्य येते का, ते पाहावे. मुलीच्या उत्तराचे समीकरण ४क्ष − ३य + ९ = ० आहे, आणि तिथे ३ × ४ + ४ × (−३) = ० येते.